बिब्ब्याखालचा डाग

आमच्या वस्तीवर कुणाचाही तळपाय उलटा करून पाहा, दोन-चार काळे ठिपके सापडतीलच. मिरजगावच्या बाहेर, हायवे सोडून आत आलं की लिंबाच्या बागा लागतात, त्यांच्या मधोमध आमची घरं आहेत. ज्याने लिंबू फक्त बाजारात पाहिलंय त्याला लिंबाच्या काट्याची कल्पना यायची नाही. तो चपलेतून आरपार वर येतो, टाचेत शिरतो आणि टोक आत ठेवून मोडतो. मग बिब्बा आलाच. बिब्बा दाभणाला टोचायचा, दिव्याच्या ज्योतीवर धरायचा, आतलं काळं तेल फसफसून बाहेर आलं की काटा मोडलेल्या जागी टेकवायचा. चर्र होतं, माणसाला आई-बाप आठवतात, आणि चार दिवसांत काटा वर तरी येतो नाहीतर आतच जिरतो. जागा काळी पडते. पुढे तिथलं कातडं निघतं, त्याबरोबर काळंही जातं. तोवर दुसऱ्या पायात दुसरा काटा मोडलेला असतो.

मी श्रीरामपूरची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन इकडे आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला लागले, आणि नवऱ्याचे तळपाय पहिल्यांदा नीट पाहिले तेव्हा घाबरून विचारलं, “अहो, हा कसला रोग?” ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीला कळलं होतं की नव्या मॅडमना बिब्बा माहीत नाही. पुढे कितीतरी वर्षं माझी त्यावरून थट्टा व्हायची.

वस्तीवर बिब्बा लावावा तो माझ्या सासूबाईंनीच. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचा हात हलका, नजर तीक्ष्ण. लोक लंगडत यायचे, आत्या अंगणात पाय पसरून बसायच्या, समोरच्याची टाच मांडीवर घ्यायच्या आणि अंगठ्याने चाचपून सांगायच्या, “हितं हाय बघ.” माझा नवरा चाळिशी ओलांडलेला, मिशा पिकायला लागलेला, पण काटा मोडला की आईच्या मांडीवर पाय ठेवून दात-ओठ आवळून बसायचा. चटका देऊन झाला की लगेच वाकून आईच्या पायावर डोकं टेकवायचा, कारण आईला पाय लागला होता. मला ते पाहून हसू यायचं. हेवाही वाटायचा, खोटं कशाला सांगू.

नवऱ्याच्या डाव्या टाचेच्या आतल्या कडेला असाच एका उन्हाळ्यात बिब्बा लागला. उन्हाळ्यात लिंबाला भाव असतो, तोडणी चालू असते, दिवसाकाठी कुणाच्या ना कुणाच्या पायात काटा जातोच. त्यामुळे त्या दिवशी नेमकं काय झालं हे लक्षात ठेवायचं कुणाला कारण नव्हतं. मी शाळेतून आले तेव्हा ते टाच न टेकवता चालत होते. मी म्हटलं, “झाली का आरती?” ते म्हणाले, “झाली. परसाद दिऊ का तुला?” एवढंच.

पावसाळ्यात मला पहिल्यांदा खटकलं. बाकीचे ठिपके गेले होते, हा मात्र तिथेच होता. मी बोलले. आत्यांनी पाहिलं, काट्याचं टोक अजून आत असेल म्हणून पुन्हा चटका दिला. दिवाळीत मी पुन्हा बोलले. ठिपका पसरला होता, एका बाजूला कड तुटकी-फुटकी झाली होती, आणि काळ्यात कुठे तपकिरी, कुठे निळसर दिसत होतं. नवरा म्हणाला, “तुला वर्गात चुका शोधायची सवय हाय, घरात तरी सुट्टी दे.” मी तोंडाची फटकळ, तरी त्यांना हलवायचं म्हणजे रुतलेला ट्रॅक्टर ढकलण्यातला प्रकार. शेवटी रुसून, भांडून, दोन दिवस अबोला धरून त्यांना गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बिब्ब्यावरून आम्हाला बरंच बोलले. भाजल्याचा डाग आहे, पुन्हा बिब्बा लावू नका, हे मलम लावा, आणि शुगर तपासून घ्या, असं त्यांनी सांगितलं.

शुगर निघाली नाही. शुगर नाही म्हटल्यावर घरात केवढा आनंद झाला. नवऱ्याच्या चुलत्यांचा पाय शुगरने गेला होता, त्यामुळे पायाचं मोठं दुखणं म्हणजे शुगर, आणि शुगर नाही म्हणजे काहीच नाही, असा आमचा सगळ्यांचा हिशोब होता. येताना त्यांनी जिलेबी आणली. आत्यांनी देवापुढे ठेवली. मीही दोन कडी खाल्ली.

मलम लावून डाग गेला नाही. कडेला उकलला, त्यातून पाणी यायला लागलं, कधी चपलेला रक्त लागायचं. दुखत मात्र नव्हतं, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी शेतकरी माणूस बाग सोडून नगरला जात नाही. मग एक दिवस ते अंघोळ करून आले आणि जरा खुशीतच म्हणाले, “अवधान आलंय.”

पायाला जखम असली की जांघेत गाठ येते, तिला आमच्याकडे अवधान म्हणतात. लहान पोरालाही ते माहीत असतं. जखम वाळली की गाठ बसते. आत्या म्हणाल्या, “आता बरा हुईल पाय. सगळं वर वढलंय.” त्या मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून द्यायच्या, नवरा मुकाट्याने शेकायचा. मीही तवा तापवून दिला. श्रीरामपूरला माझी आईसुद्धा हेच करायची, त्यात शंका घ्यावी असं काही नव्हतंच. पण शेकून-शेकून गाठ बसेना, आणि मी बोट लावून पाहिलं तर ती दगडासारखी लागली. मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. शाळेत रजा टाकली आणि त्यांना नगरला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

त्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि टाच हातात घेऊन भिंग लावून पाहायला लागल्या. नवऱ्याला इतकं अवघडल्यासारखं झालं की ते सारखा पाय मागे घेत होते. “असू दे हो काका,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी जांघेतली गाठ चाचपली आणि त्यांचा आवाज बदलला. त्या विचारायला लागल्या: हे कधीपासून आहे? आधी केवढं होतं? आधी काळा डाग होता की आधी बिब्बा लावला?

“आधी बिब्बा,” नवरा म्हणाला. “काटा मोडला हुता.”

“काटा निघाला का?”

“न्हाई. जिरला.”

“सलत होतं का? काटा असल्यासारखं?”

ते माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार? डॉक्टरांनी विचारलं, सुरुवातीचा एखादा फोटो आहे का. नवऱ्याने मोबाईल काढला. फोटोंना तोटा नव्हता. खैऱ्या रोग पडलेल्या लिंबाच्या पानांचे फोटोच फोटो: पान सुलटं, पान पालथं, जवळून, लांबून, शेजारी काडेपेटी ठेवून, म्हणजे ठिपक्याचं माप कळावं. खैऱ्याच्या ठिपक्याभोवती पिवळी कड असते, दुसऱ्या रोगात नसते, हे त्यांना अचूक कळायचं. एखादं पान वेगळं दिसलं की त्याच दिवशी फोटो औषधाच्या दुकानदाराला जायचा. टाचेचा फोटो एकही नव्हता. तळपायाचे फोटो कोण काढतं?

“किती बारकाईनं बघता हो पानं,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं, टोमणा नव्हता त्यात.

“पानाचं तसं न्हाई, डॉक्टर. एका पानापायी बाग जाती.”

मग त्यांनी दाराकडे पाहिलं, ते बंद आहे याची खात्री केली आणि आम्हाला समजावून सांगितलं. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, पण मला हा कातडीचा कॅन्सर वाटतो. मी म्हटलं, आमच्यात कुणाला नाही, हे तंबाखूसुद्धा खात नाहीत. त्या म्हणाल्या, त्याचा संबंध नाही. गोऱ्या लोकांना उन्हाने होतो तो वेगळा. हा आपल्यासारख्या सावळ्या माणसांना तळपायावर, तळहातावर, नखाखाली येतो, जिथे ऊन लागत नाही आणि कुणी पाहत नाही. सुरुवातीला तिळाएवढा असतो. तीळ आहे तसाच राहतो, हा वाढतो. त्याची कड वेडीवाकडी होते, त्यात दोन-तीन रंग दिसायला लागतात. तेव्हा कापून काढला तर बहुतेक माणूस सुटतो. नवऱ्याने विचारलं, “काट्यानं झाला का? का बिब्ब्यानं?” त्या म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही. बिब्ब्याने झाला असं मी म्हणणार नाही. बिब्ब्याने तो झाकला, एवढं नक्की.



घरी आत्या वाट पाहत होत्या. त्यांना आम्ही एवढंच सांगितलं की डॉक्टर तुकडा काढणार आहेत, आणि विचारत होत्या, आधी डाग की आधी बिब्बा. ते सांगायला नको होतं, पण बोलता बोलता निघून गेलं. आत्या सहज म्हणाल्या, “आधी काळं हुतं की. तीळ असतोय तसं. ज्वारीच्या दाण्याएवढं. मला वाटलं काट्याचं टोक दिसतंय, म्हनून तर म्या बिब्बा लावला.”

म्हणजे काटा नव्हताच. काटा मोडलाय असं नवऱ्याला त्या दिवशी आईनेच सांगितलं होतं, आणि आईने सांगितलं म्हणून त्यांनी ते खरं मानलं होतं. आत्या आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघायला लागल्या. “का? काय म्हनले डाक्टर?”

नवऱ्याने क्षणाचाही वेळ लावला नाही. “काय न्हाई गं. काट्याचंच टोक हुतं ते. माझ्या पायात काय हुतं ते मला म्हाईत न्हाई व्हय? लई ठनकत हुतं तवा.”

हा माणूस साध्या गोष्टीतही खोटं बोलत नसे. आत्यांनी मान हलवली आणि भाकरी थापायला गेल्या. मला त्या वेळी नवऱ्याला मिठी मारावी असं वाटलं आणि गदागदा हलवावं असंही वाटलं. मी दोन्हीही केलं नाही.

तुकड्याचा रिपोर्ट डॉक्टर म्हणाल्या तसाच आला. पुण्यात ऑपरेशन झालं. टाचेचा लचका काढला, मांडीची कातडी तिथे लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. मग सगळ्या अंगाचा स्कॅन झाला आणि फुप्फुसांत बारीक बारीक ठिपके दिसले. इंजेक्शनं सुरू झाली. काहींना ती चांगली लागू पडतात, असं पुण्याचे डॉक्टर म्हणाले. ‘काहींना’ हा शब्द मी परत येताना सगळ्या वाटेवर चघळत होते. निघायच्या आधी त्यांनी मला बाहेर बोलावून वेगळं सांगितलं: रोज सकाळी उजेडात त्यांचा पाय बघत जा, टाचेपासून मांडीपर्यंत. कातडीवर किंवा कातडीखाली नवीन काळा ठिपका दिसला तर औषध काम करत नाही असं समजायचं आणि फोन करायचा. मी विचारलं, मग पुढे काय कराल? ते म्हणाले, तेव्हा बघू.

आता मला सगळं ओळखता येत होतं. तोडणीला येणाऱ्या बायकांना मी सावलीत बसवून सांगितलं की काळा ठिपका दिसला आणि सलत नसेल तर त्याला बिब्बा लावू नका, ब्लेडने कोरू नका, कातडं निघूनही काळं राहिलं तर नगरला दाखवा, अनवाणी बागेत शिरू नका, आणि महिन्यातून एकदा एकमेकींचे तळवे बघा. त्यांनी ऐकून घेतलं. मी म्हटलं, दाखवा बरं पाय, तर सगळ्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. “मॅडमला तळवं दावू व्हय? पाप लागंल आमाला,” एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. पुढच्या आठवड्यात तिच्याच टाचेला ताजा बिब्बा होता. “काटाच हुता, मॅडम. खरंच काटा हुता,” ती म्हणाली. असेलही. बिब्बा लावून झाल्यावर कसं सांगणार?

मला राग यायचा. तिचा, स्वतःचा, त्या जिलेबीचा, देवाचा. राग काढायला एकही जागा नव्हती, कारण कुणी काही वाईट केलं नव्हतं. आणि घरातला पेच वेगळाच. लंगडत आलेली माणसं अजून आत्यांसमोर बसत होती. त्यांना थांबवायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की नवऱ्याने उभं केलेलं खोटं कोसळणार. मी मधे मधे करायला लागले. आत्या, थांबा, आधी मी बघते, असं म्हणून मीच तो पाय हातात घ्यायची. आत्यांना ते आवडायचं नाही. “माझा हात वळखीचा हाय त्यांच्या,” त्या म्हणायच्या.

मग एक दिवस शेजारची सून पोरीला घेऊन आली. पोरीच्या टाचेत काटा मोडला होता, नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. आत्या सुपात तूरडाळ घेऊन खडे निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “दवाखान्यात ने बाई. मला आता डोळ्यानं दिसत न्हाई.” ती सून चकित झाली, थोडी रागावलीसुद्धा, आणि पोरीला कडेवर घेऊन निघून गेली. आत्यांची बोटं सुपात चालूच होती. डाळीएवढेच, डाळीच्याच रंगाचे खडे त्या एकेक करून बाहेर टाकत होत्या. मी तिथेच उभी राहिले. काही बोलावं असं फार वाटलं. पण त्या मला विचारत नव्हत्या, आणि न विचारलेल्याचं उत्तर मला देता आलं नाही. नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. आईला काही कळलेलं नाही, हे समाधान तरी त्यांच्यापाशी राहू दे, असं वाटलं.

पाय बघायचा रोजचा नेम झाला होता. सकाळी ओट्यावर उन्हात ते बाजेवर बसायचे, पाय लांब करायचे, मी खाली बसून बघायची. ते बागेकडे बघत बोलत राहायचे. बहार चांगला धरलाय, अमक्या सरीला पाणी पोचत नाही. माझ्याकडे मात्र बघायचे नाहीत. झालं की मी म्हणायची, “काही नाही,” आणि दोघंही चहा प्यायचो. त्या चहासारखा चहा मी आयुष्यात प्यायले नाही.

त्या दिवशी पोटरीच्या आतल्या बाजूला, ऑपरेशनच्या जागेपासून बरंच वर, मला काळं दिसलं. मी पदर ओला करून पुसून पाहिलं. मातीचा कण असेल. पुन्हा पुसलं. नवऱ्याचं बोलणं थांबलं.

“काय हाय?”

“एक आहे,” मी म्हटलं.

 मग त्यांनी पायजमा खाली सोडला, घडी नीट केली. “पुण्याला कर फोन,” ते म्हणाले. “दवाखाना उघडला की कर. आईला सांगू नको.” मी मान हलवली.  ते बाजेची कड धरून उठले, चपला चढवल्या. “पानी सोडून येतो, लाईट जाईल.” मी थांबा म्हणाले नाही. थांबवून करणार काय होते? काठी टेकवत ते लिंबांच्या ओळीत गेले आणि थोड्या वेळाने मोटार चालू झाल्याचा आवाज आला.

मी वळले तर आत्या दारात उंबऱ्याला धरून उभ्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

“केवढा हाय?” त्यांनी विचारलं.

मी काही नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मला खोटं बोलता आलं नाही.

“ज्वारीच्या दाण्याएवढा, आत्या.”

त्यांनी बागेकडे पाहिलं. मोटारीचा आवाज येत होता, पण मुलगा झाडांमागे दिसत नव्हता.

“पयला बी तेवढाच हुता,” त्या म्हणाल्या.